चित्रफितीची किमया

‘किमया’ हा शब्द आपण आज सहज वापरतो. पण मुळात तो हिणकस धातूचे सोने करू पाहणाऱ्या विद्येचा आहे. ही विद्या आपल्याला परकी नाही. लाखांदूरहून एका दिवसाच्या प्रवासावर असलेल्या रामटेकच्या परिसरात रससिद्ध नागार्जुनाचे नाव परंपरेने अजून घेतले जाते.

चित्रपटाचा या विद्येशी काय संबंध, असे कोणी विचारील. फितीवर चांदीच्या क्षारांचा लेप असतो. प्रकाश लागलेली फीत अंधाऱ्या खोलीत रसायनात बुडवली, की त्या क्षारांची चांदी होते व चित्र उमटते. पात्रे, द्रावणे आणि धीर ही किमयागाराचीच सामग्री होय.

हे साम्य जाणून काम करणारा इंग्रज चित्रकार म्हणजे डेरेक जार्मन (१९४२–१९९४). जॉन डी हा सोळाव्या शतकातील विद्वान आणि युंगचे रसविद्येवरील विवेचन यांची त्याला ओढ होती. १९७० नंतर त्याने ८ मिलिमीटरच्या घरगुती कॅमेऱ्यावर लहान चित्रपट घेतले. ते संथ गतीने पडद्यावर दाखवून, एकावर एक चढवून, तो त्यांचे पुन्हा चित्रण करी. ‘इन द शॅडो ऑफ द सन’ हा त्याचा चित्रपट असाच, जुन्या फिती जणू पुन्हा मुशीत घालून, सिद्ध झाला.

परंतु घर हीच प्रयोगशाळा करणारा एक पुरुष महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधी झाला. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले. त्यांनी वाटाण्याच्या अंकुराची वाढ थोडी थोडी चित्रित केली. अनेक दिवसांची वाढ क्षणांत दिसली, आणि ती पाहून भांडवल मिळाले. फितीला भोके पाडणे, ती धुणे ही कामे सरस्वतीबाई रात्री करीत. त्यांची फीत मोठ्या मापाची होती, हे खरे; पण वृत्ती तीच. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

पुढे काय झाले? भारतात हजारावर मूकपट निघाले. आज मोजकेच उरले आहेत. काही आगीत गेले, काही कुजले, आणि कित्येक फिती त्यांतील चांदीसाठी नष्ट करण्यात आल्या. किमयागाराने धातूचे चित्र केले. आपण चित्राचा पुन्हा धातू केला!

म्हणून, श्रोतेहो, एवढेच मागणे आहे. कोणाच्या घरी पेटीच्या तळाशी लग्नाचे वा नाटकाचे जुने रीळ असेल, तर ते भंगारात घालण्यापूर्वी एकदा उजेडात धरून पाहा.