आपल्या घरी बल्ब झगझगीत, शेजारी मिणमिणता? आधी मेन स्विच बंद करा

संध्याकाळची वेळ. अचानक आपल्या घरातला बल्ब नेहमीपेक्षा जास्त उजळतो, पंखा जोरात फिरायला लागतो आणि शेजारच्या घरात मात्र लाईट एकदम डिम होते. बरेच जण काय झालं ते बघायला बाहेर पळतात. तेवढ्या वेळात टीव्ही, फ्रिज, चार्जर जळून जातात. असं दिसलं की पहिलं काम एकच, मेन स्विच बंद करायचा.

असं का होतं?

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते. साधारण २०७ ते २५३ व्होल्टपर्यंत घरातली उपकरणं नीट चालतात. डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल येतो. दोन फेजमध्ये मात्र जवळपास ४०० व्होल्ट असतात. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटला किंवा ढिला झाला, की हा दाब घराघरांत कमी-जास्त वाटला जातो. ज्या फेजवर लोड कमी, त्या घरांत व्होल्टेज वाढतं आणि वस्तू जळतात.

कमी व्होल्टेज असेल तर?

- बल्ब, हीटर, इस्त्री यांना धोका कमी. फक्त काम कमी होतं. १६० व्होल्टवर हीटर निम्मीच उष्णता देतो.
- फ्रिज, मिक्सर, पाण्याची मोटर यांना धोका जास्त. मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि वाइंडिंग जळतं. मोटर नुसती गुणगुणत असेल, फिरत नसेल तर लगेच बंद करा.
- मोबाईल चार्जरवर '१००-२४० व्होल्ट' लिहिलेलं असेल तर तो कमी व्होल्टेजवरही चालतो. पण न्यूट्रल तुटल्यावर तोही वाचत नाही.

स्टॅबिलायझर घेताना

तो किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत काम करतो ते बघा. व्होल्टेज फार वाढल्यावर सप्लाय तोडणारा 'हाय कट' आणि लाईट आल्यावर काही मिनिटं थांबून फ्रिज सुरू करणारा 'टाइम डिले' असलेला घ्या. फ्रिज लगेच बंद-चालू झाला तर कॉम्प्रेसरवर ताण येतो.

शेतातल्या मोटरसाठी

स्टार्टरला ऑटोस्विच असेल तर लाईट आल्याबरोबर सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू होतात. डीपीवर लोड येतो, व्होल्टेज पडतं, कधी डीपीच जळतो. मग भरल्या पिकाला पाणी मिळत नाही आणि नुकसान सगळ्या शिवाराचं होतं. म्हणून ऑटोस्विच काढा आणि मोटरच्या एचपीप्रमाणे कपॅसिटर बसवा. एक फेज गेल्यावर मोटर बंद करणारा प्रिव्हेंटरही हवा.

परदेशातून आणलेली वस्तू

अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची आहे. तिथून कुणी इस्त्री किंवा मिक्सर आणला तर आधी मागचं लेबल वाचा. फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर तो आपल्या बोर्डात लावू नका. हीटरसारख्या वस्तूला इथे साडेतीन पटीहून जास्त पॉवर मिळते आणि ती जळते. पिन बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज कमी करत नाही. त्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो.

हे कधीच करू नका

न्यूट्रल गेला म्हणून अर्थिंगच्या तारेवर लाईट चालवू नका. अर्थिंगमध्ये करंट उतरतो. फ्रिजच्या पत्र्याला किंवा नळाला हात लागला तरी जिवावर बेतू शकतं. स्वतः डीपीवर चढणं, फ्यूज टाकणं, खांबावर काठीने तार हलवणं हे तर नकोच.

तक्रार कुठे करायची?

मेन स्विच बंद केल्यावर शेजाऱ्यांनाही सांगा, कारण न्यूट्रल तुटला तर त्रास सगळ्या गल्लीला होतो. मग लाईनमनला किंवा १९१२ या नंबरवर कळवा आणि तक्रार नंबर लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर आधी एकच बल्ब लावून बघा. तो नेहमीसारखा पेटला, तरच बाकीच्या वस्तू एकेक करून सुरू करा.