तंबूचे ओझे

शिकारकथा वाचताना आपले लक्ष बंदुकीवर असते. कोणत्या बोअरची रायफल, किती पावलांवरून बार, गोळी खांद्याखाली लागली की मानेत, हे सारे लेखकही चवीने सांगतो. पण मध्य प्रांताच्या रानात दोन-दोन महिने मुक्काम टाकणाऱ्या माणसाला बंदुकीच्या आधी दुसरीच गोष्ट ठरवावी लागे : तंबू कोणता न्यायचा? वाघाशी गाठ पडे पंधरवड्यातून एखाद्या वेळी, तंबूशी मात्र रोज. आणि तंबू ठरला की गाड्या किती, बैल किती, माणसे किती, हेही त्याबरोबर ठरून जाई.

आधी शब्द पाहू, कारण इतिहास तिथेच दडलेला आहे. तंबू, डेरा, राहुटी, पाल, छोलदारी, कनात, शामियाना ही नावे आज आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. तंबू ठोकणाऱ्याला तसे करून चालत नसे. पाल म्हणजे दोन काठ्यांवर टाकलेले कापड, दोन्ही बाजूंनी थेट जमिनीपर्यंत उतरते. त्याला भिंत नाही. छोलदारीला भिंत असते, पण गुडघ्याएवढी. राहुटीला निमुळते छत असते, पण वर दुसरे पांघरूण नसते. कनात म्हणजे कापडाची उभी भिंत. ही कनात पुरेशी उंच झाली की तंबूचे घर होते. खाट थेट कडेला लावता येते, माणूस कडेपर्यंत ताठ चालू शकतो, आणि उन्हाळ्यात सावलीकडची कनात वर गुंडाळली की वारा आरपार जातो. पालात हे काही नाही. तिथे मधली पट्टी तेवढी माणसाची, बाकीची जागा सामानाची. मात्र कनातीची किंमतही मोजावी लागते. कापड वाढते, तणावे वाढतात, मेखा वाढतात आणि वादळात वाऱ्याला धरायला सपाट पाठ मिळते.

हे शहाणपण साहेबाने विलायतेहून आणलेले नव्हते. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही छावणीची जी मोजदाद दिली आहे, तीत एका मुक्कामाच्या सरंजामासाठी 100 हत्ती, 500 उंट, 400 गाड्या आणि 100 कहार सांगितले आहेत. सरंजाम दुहेरी असे. बादशहा एका मुक्कामी असताना दुसरा संच पुढे जाऊन उभा राहायचा. त्याला पेशखाना म्हणत. औरंगजेबाबरोबर काश्मीरला निघालेल्या बर्नियेने या तंबूंचे कापड पाहिले होते : बाहेरून लाल, आतून मछलीपट्टणचे फुलांचे छीट. आपल्याकडे शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीत फरासखाना आणि शिकारखाना हे दोन्ही आहेत. तंबू, कनाती, सतरंज्या सांभाळायचे ते फरासखान्याचे काम. पुण्यात हे नाव आता लोकांना पोलीस ठाण्यामुळे माहीत आहे.

नोव्हेंबर 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि जंगलखात्याची, जमीनमोजणीची माणसे सातपुड्यात शिरली. जेम्स फोर्सिथ 1862 च्या प्रारंभी पचमढीच्या पठारावर चढला तो याच कामाने. तिथे त्याने ‘बायसन लॉज’ नावाचे घर बांधले. बाकी आयुष्य मुख्यतः तंबूत. सरकारी दौरा हिवाळ्यात असे, वाघाची शिकार मात्र कडक उन्हाळ्यात, कारण तेव्हा ओढे आटून जनावर मोजक्या पाणवठ्यांवर येते. म्हणजे एकाच तंबूला जानेवारीचे दव आणि मे महिन्याची झळ दोन्ही सोसायची. यावरचा उपाय दुहेरी छत. वरचे छत आणि आतले छत यांच्यामध्ये हात-दीड हात पोकळी ठेवायची. ऊन वरच्या कापडावर अडते आणि तापलेली हवा मधून निघून जाते. आतले अस्तर पिवळे किंवा रंगीत असे, ते शोभेसाठी नव्हे. पांढऱ्या कापडातून येणारी उन्हाची तिरीप डोळ्यांना सोसवत नाही म्हणून. शिवाय तंबू आमराईत लावायचा आणि दाराला वाळ्याचे ताटे बांधून ते ओले ठेवायचे.

पावसाचीही एक गंमत आहे. सुती कॅनव्हास भिजला की सूत फुगते, विणीतली भोके बुजतात आणि पाणी थांबते. पण आतून कुणी बोट लावले की नेमके तिथूनच पाझरू लागते. वर दुसरे छत असेल तर ही भीती नाही. दोरांचे तसेच : दवाने दोर आखडतात, म्हणून जाणता खलाशी झोपण्यापूर्वी तणावे सैल करून जाई. तो विसरला तर पहाटेपर्यंत मेखा उपटलेल्या.

सर्वांत मानाचा तंबू ‘स्विस कॉटेज’. मधे खोली, पुढे पडवी, मागे न्हाणी, आणि भोवती कनातींचा दुहेरी पडदा. साहेबाबरोबर मडम असेल तर हाच. पण तो गाडीवाटेचा तंबू. घाटात, नाल्यात त्याचा उपयोग नाही. डोंगरासाठी तंबू वजनावरून ओळखले जात : 80 पौंडी, 40 पौंडी. हे आकडे जनावराच्या पाठीवरून आले आहेत. खेचराचे ओझे दोन मण, म्हणजे 160 पौंड धरत. त्यात 80 पौंडी तंबू दोन बसत, 40 पौंडी चार. माझ्या मते हिंदुस्थानातल्या तंबूंचे हे सर्वांत प्रामाणिक वर्गीकरण होते, कारण त्यात निदान ओझे वाहणाऱ्याचा हिशेब होता, मग तो खेचर का असेना. भिजलेला तंबू मात्र या हिशेबात बसत नाही. तो न वाळवता उचलला तर वजन भलतेच वाढते आणि घडीत बुरशी धरते; म्हणून पावसानंतर एक दिवसाचा खाडा ठरलेला.

हे तंबू शिवत कोण? पुढे कानपूरच्या गिरण्यांनी हा धंदा उचलला, पण सातपुड्याला जवळचे गाव जबलपूर. तिथे स्लीमनच्या काळात, 1837 मध्ये, माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी उद्योगशाळा निघाली. सतरंज्या, गालिचे आणि तंबू हा तिथला मुख्य माल. वाटसरूंच्या मुक्कामात मिसळून रुमालाने गळा आवळणारे हात आता मुक्कामाचे कापड शिवू लागले. त्यांना फाशी माफ होती, सुटका नव्हती. त्यांच्या तंबूंचे मात्र मोठे नाव झाले.

आणि ते वाहत कोण? गाडीवाट असेल तिथे गावचे बैल धरले जात. नसेल तिथे गोंड, कोरकू यांचे खांदे. रसद आणि बेगार हे दोन शब्द एका दमात उच्चारले जात, ते उगाच नव्हे : दूध, कोंबडी, सरपण, गवत आणि वर माणसे. शिकारीचा मोसम आणि मोहफुलांचा मोसम जवळजवळ एकच. ज्या आठवड्यात पहाटे उठून मोह वेचायचा, त्याच आठवड्यात हाका घालायला किंवा डेरा उचलायला जावे लागे, आणि वेचायचा राहिलेला मोह हरणे खाऊन टाकत. स्विस कॉटेज की छोलदारी, हा साहेबाच्या सोयीचा प्रश्न गावापर्यंत पोचेतो किती घरांतली माणसे जाणार, असा झालेला असे. शिकारीच्या पुस्तकांत ही माणसे बहुधा एका वाक्यात येतात : दुपारपर्यंत तंबू येऊन पोचला. कर्मवाच्य नसतानाही कर्ता गायब करण्याची ही युक्ती मला त्या वाङ्मयात पानोपानी दिसते.

कुमाऊंत हा प्रश्न उघड्यावर आला. तिथे वाहणाऱ्यांची नावे गावच्या वह्यांत लिहिलेली असत. 1921 च्या मकरसंक्रांतीला बागेश्वरच्या जत्रेत बद्रीदत्त पांडे यांच्या पुढारपणाखाली लोकांनी या वह्या शरयूत बुडवल्या आणि कुली-बेगार संपली. याच डोंगरांत नरभक्षकांच्या मागावर हिंडणाऱ्या जिम कॉर्बेटच्या लेखनात भेटतो तो 40 पौंडी तंबू.

मध्य प्रांतात तंबू मागे पडला तो असा कुठल्या एका दिवशी नव्हे. जंगलखात्याने मजल-दरमजल विश्रामगृहे बांधली, मोटार आली, साहेब संध्याकाळी परत जाऊ लागला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा डेरा उरला नाही. राहुटी शब्द जिवंत ठेवला तो वारीने. आळंदी-देहूपासून पंढरपुरापर्यंत दिंड्यांच्या राहुट्या आजही रोज उठतात आणि रोज पुढच्या गावी उभ्या राहतात, पेशखान्यासारखेच एक ट्रक पुढे धाडून. ताडोबाच्या आसपासच्या रिसॉर्टांतही ‘स्विस टेंट’ मिळतो. खाली फरशी, मागे नळाची न्हाणी, आत एसी. तो वर्षानुवर्षे जागचा हलत नाही.