बत्तीस मिनिटांचं काम

हार्ड डिस्क रविवारी पहाटे १ वाजून २२ मिनिटांनी कायमची बंद पडली. त्याआधीचे २८ तास असे गेले.

शुक्रवार, रात्री ९.२०. चौसष्टाव्या कॅसेटची बी बाजू कॉम्प्युटरवर उतरली. वडील लांजा तालुक्यात मास्तर होते. गावोगावची नमनं, भजनं, शिमग्यातली गाऱ्हाणी ते टेप करायचे. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला खाकरून तारीख, गाव आणि मृदंगावर कोण बसलंय ते सांगायचे. ६४ कॅसेटी, १२८ फायली, ३८ जीबी. सगळं एकाच डिस्कवर. एक टीबीची ही डिस्क चार महिन्यांपूर्वी लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड घेतलेली. १,२०० रुपये, बिल नाही, सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी. शेवटची फाइल सेव्ह होताना हिरवी पट्टी मध्येच चाळीसेक सेकंद थांबली. मग पुढे सरकली.

रात्री १०.०५. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं. निळ्याऐवजी पिवळा चौकोन, त्यात ‘कॉशन’. पॉवर-ऑन अवर्स ४३,९१२. वर्षाचे तास होतात ८,७६०. म्हणजे डिस्क पाच वर्षं रात्रंदिवस फिरलेली, बहुधा सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये. दुकानदार ‘घरगुती वापरातली’ म्हणाला होता. सीसीटीव्ही कोणाच्या घरचा असेलही.

खाली सी-५ची ओळ, शेवटी १८. हा प्रोग्राम तिथले आकडे हेक्समध्ये दाखवतो, तेव्हा १८ म्हणजे २४. मी अठराच वाचले. वाचता न आलेले, निकाल लांबणीवर टाकलेले सेक्टर. गूगलने २००७ मध्ये स्वतःच्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास मांडला होता. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट, असं त्यात निघालं. हे मी पूर्वी वाचलेलं होतं. त्यातले साठ दिवस तेवढे माझ्या लक्षात राहिले होते. खिडकी बंद केली.

शनिवार, सकाळी १०.४०. मंगळवारी भाड्याचं घर बदलायचं होतं. भंगारवाला दारात. कॅसेटींच्या दोन पिशव्या त्याच्या काट्याला लावल्या. बायको आतून म्हणाली, “सगळं नीट वाजतंय ना, ते बघून मग दे.” मी म्हटलं, “बघितलंय.” पहिल्या दोन फायली ऐकल्या होत्या, हे खरं. साडेचार किलो भरलं. ४५ रुपये.

दुपारी १.१५. फोल्डर उघडेना. कॅबिनेटमधून टक्. मग गप्प. मग टक्, टक्, टक्. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीपासून काही नॅनोमीटरवर हेड तरंगत असतं. त्याला आपली जागा सापडली नाही की ते मागे येतं, पुन्हा जातं. तोच हा आवाज. मी रिस्टार्ट केलं.

दुपारी १.५०. डिस्क परत आली. फोल्डर उघडला. १२८ फायली जागेवर. टेबलाच्या खणात ६४ जीबीचा पेनड्राइव्ह होता, त्यात दोन सिनेमे आणि आधारकार्डांचे स्कॅन. सेकंदाला २० एमबीच्या वेगाने ३८ जीबी उतरवायला ३२ मिनिटं लागतात. हा हिशेब मी नंतर केला. त्या वेळी वाटलं, आधी डिस्क दुरुस्त करू, मग निवांत कॉपी करू.

दुपारी २.१०. चेकडिस्क, स्लॅश आर. ही आज्ञा डिस्कवरचा एकेक सेक्टर वाचायला लावते, रिकामेसुद्धा. माझ्या फायली होत्या ३८ जीबी. मी तिला अख्खा एक टीबी वाचायला बसवली.

दुपारी ४.३५. चौथा टप्पा, ११ टक्के. गेली पन्नास मिनिटं ११ टक्केच. तापमान ५४. कॅबिनेटचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला.

संध्याकाळी ५.२०. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मित्राला फोन. “काय चालवलंयस? चेकडिस्क? बंद कर. आत्ता. पॉवर काढ.”

“अर्ध्यात कसं तोडू?”

“वाचण्यातच ती मरतेय. उद्या अकराला येतो. डीडीरेस्क्यूने आधी चांगला भाग उतरवून घेऊ, वाईट जागांशी मग भांडू. तोवर हात लावू नकोस.”

बरं म्हटलं. टक्केवारी १२ झाली होती, म्हणून आणखी पाऊण तास चालू ठेवलं.

संध्याकाळी ६.०५. पडद्यावरून डिस्कच गेली. केबल बदलली, पोर्ट बदललं. बायोसमध्ये नाव दिसलं, क्षमता शून्य.

रात्री ११.१०. आठ वेळा चालू-बंद करून झालं होतं. अकरापर्यंत थांबायचं ठरलं होतं, ते सकाळच्या अकरापर्यंत. पण अडकलेली डिस्क गार केली की तासभर चालते, असं कधीतरी ऐकलं होतं. डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवली, मटारांच्या पाकिटावर. लेबलच्या कडेला बारीक छिद्र असतं. ते झाकू नका, असं शेजारीच छापलेलं होतं. ही डिस्क हवाबंद नसते, तिथून श्वास घेते. हे मी पिशवीला गाठ मारताना वाचलं.

रविवार, पहाटे १.१०. बाहेर काढली. डोंबिवलीतला जून. दोन मिनिटांत धातूवर दव धरलं. पंचाने पुसली. छिद्राभोवती पाण्याची कडी होती, तीही टिपली.

पहाटे १.२२. वायर जोडली. मोटर फिरली. टक्, आठ वेळा. मग बारीक खरखर, स्टीलच्या भांड्यावर तारेची घासणी फिरावी तशी. मग मोटर थांबली.

सकाळी ११.००. मित्र लॅपटॉप घेऊन आला. डिस्क जोडली, कान लावला, पाच सेकंदांत वायर काढली. बॅगेतून आणलेली नवी डिस्क त्याने बाहेर काढलीच नाही. “कॅसेटी कुठायत?” त्याने विचारलं.

सकाळी ११.२५. भंगाराचं दुकान उघडं होतं. प्लास्टिकचा कोपरा झाडून स्वच्छ. काल संध्याकाळी सहाला टेम्पो भरून गेला, असं भंगारवाला म्हणाला.