आजीचा जबाब

होडीत बसवलं तेव्हा आजी ब्याऐंशीची असावी. जन्मसाल तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. "बाबासाहेब दासगावच्या बंदरात उतरले ना, तवा मी पाळण्यात," एवढाच तिचा दाखला. म्हणजे डिसेंबर १९२७, महाडचा दुसरा सत्याग्रह. मुंबईहून बोटीनं हरिहरेश्वर, तिथून सावित्रीच्या खाडीनं दासगाव, पुढे पाच मैल महाड. आजीचा बाप म्हणे बंदरावर बघायला गेला होता. कधी बापाच्या जागी चुलता यायचा. मी टोकलं नाही.

त्या काळी भरती साधली की गलबतं थेट महाडपर्यंत यायची. तिच्या सासरी, पोलादपूरला, हीच सावित्री महाबळेश्वरावरून खडकांवर आपटत येते, त्यामुळे होडीचं अप्रूप तिला म्हातारपणीही होतं.

आम्ही निघालो होतो २००९ साली, रोहिण्या नुकत्याच पडून गेल्यावर, पलीकडच्या डोंगरातल्या कातकरवाडीवर. दळीची मोजणी होती. दळी म्हणजे इंग्रजांच्या जंगलखात्यानं कातकरी-ठाकरांना कसायला दिलेले उतारावरचे तुकडे. राब जाळायचा, नाचणी-वरी पेरायची. घाम यांचा, जमीन खात्याची. २००६चा वनहक्क कायदा आला आणि २००८च्या त्याच्या नियमांत ज्येष्ठांचा जबाबही पुरावा म्हणून धरला गेला. फक्त तो दावेदाराचा स्वतःचा नको. वाडी आजीच्या माहेराच्या वरच्या अंगाला, म्हणून आजी.

सोबत तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी होतीच. वाडीवर शेवळांची भाजी पुढ्यात आली, घशाला खाज नको म्हणून काकडं घातलेली. आजीनं आधी ती संपवली, मग काम.

पोरं जीपीएसचं यंत्र घेऊन हद्दीनं फिरू लागली. म्हातारा नाईक म्हणाला, "त्या काजऱ्यापर्यंत आमचं." काजरा कुठंच दिसेना. आजी काठी टेकत पुढं झाली. "काजरा नाय, नायका, हिरडा होता. त्याच्या बुडाशी तुझी आय वरी झोडपायची." दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी करवंदीच्या जाळीत एक खुंट सापडला. कशाचा, ते कुणालाच सांगता येईना. यंत्रात तेवढा नोंदला.

मग जबाब. "आजी, ही माणसं कधीपासून कसतात?" आजीनं सुरुवात केली ती दासगावच्या बंदरापासून. खरं तर कायद्याला १३ डिसेंबर २००५च्या आधीचा ताबा पुरेसा होता. लिहिणाऱ्या पोरानं तसं सांगितलं, तर म्हणाली, "मग मधली माणसं काय गाळू?" अडीच पानं झाली. खाली अंगठा.

पट्टे आले तेव्हा आजी नव्हती. कायद्याप्रमाणे नवरा-बायको दोघांच्या नावानं आले, पण मागितल्यापेक्षा कमी क्षेत्राचे. तो खुंट हद्दीबाहेर राहिला.