तीन शब्द आणि एक जमीन

नववीच्या वर्गात पहिल्या महायुद्धाचा धडा चालू होता. उस्मानी साम्राज्य मोडले, त्याचे प्रांत विजेत्यांनी वाटून घेतले, एवढे सांगून आम्ही पुढे जाणार तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, फ़लस्तीन की ज़मीन असल में किस की है?” निम्म्या वर्गाने एका सुरात उत्तर दिले. ते काय होते हे वाचकांना सांगायला नको. आम्ही विचारले, “किस बिना पर?” तेव्हा वर्ग गप्प झाला.

खरे सांगायचे तर त्या दिवशी आमच्याकडेही धड उत्तर नव्हते. जुम्म्याच्या बयानात ऐकलेले, उर्दू वर्तमानपत्रांत वाचलेले पुष्कळ होते. पण मूळ कागद आम्ही पाहिलेले नव्हते. आपल्याकडे जमिनीचा तंटा झाला तर माणूस आधी तलाठ्याकडे जाऊन सातबारा काढतो. आम्हीही तेच करायचे ठरवले. कागद वाचत गेलो तसे ध्यानात आले, की हे भांडण जितके जमिनीचे, तितकेच शब्दांचेही आहे.

आधी इतिहासाचे दावे पाहू. ज्यूंचे म्हणणे असे, की ही आमच्या पूर्वजांची भूमी. येथे आमची राज्ये होती, आमचे मंदिर होते. इ. स. ७० मध्ये रोमनांनी ते उद्ध्वस्त केले आणि आम्ही जगभर विखुरलो; तरी जेरुसलेम आमच्या दुआंतून कधी गेले नाही. हे खोटे नाही. सफद, तिबेरियस, हेब्रॉन, जेरुसलेम येथे थोडे का होईना, ज्यू राहतच आले. हजरत उमर यांच्या काळात आणि पुढे ११८७ नंतर सुलतान सलाहुद्दीनच्या काळात ज्यूंना जेरुसलेममध्ये पुन्हा राहता येऊ लागले, ही तर आपण अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. अरबांचे म्हणणे असे, की आम्ही तेरा शतके येथे नांदतो आहोत. शेते आमची, जैतुनाची झाडे आमची, कबरस्ताने आमची. हेही खोटे नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वास्तव्यावर आज जमिनीचा हक्क मिळू लागला, तर जगातला एकही नकाशा शिल्लक राहणार नाही. पण म्हणून कोणाची आठवण खोटी ठरत नाही. आठवण हा जिव्हाळा झाला. मालकीचा कागद वेगळा.

आता कागद. पहिला कागद १९१५ चा आणि त्यातला शब्द आहे ‘विलायत’. आपल्या मराठीत विलायत म्हणजे इंग्लंड. उस्मानी कारभारात विलायत म्हणजे प्रांत. तुर्कांविरुद्ध उठाव करावा म्हणून इजिप्तमधील ब्रिटिश हायकमिशनर मॅकमहॉन यांनी मक्केचे शरीफ हुसैन यांना २४ ऑक्टोबर १९१५ रोजी पत्र लिहून अरब स्वातंत्र्याचे वचन दिले. त्यातून वगळला होता तो दमास्कस, होम्स, हमा आणि अलेप्पो या जिल्ह्यांच्या पश्चिमेचा भाग. अरबी मजकुरात जिल्ह्यांसाठी ‘विलायत’ हा शब्द होता. पुढे १९२२ मध्ये चर्चिल यांच्या खात्याने सांगितले, की दमास्कसची विलायत दक्षिणेपर्यंत पसरलेली धरायची, म्हणजे पॅलेस्टाईन तिच्या पश्चिमेला आले आणि वचनातून वगळले गेले. अरबांनी उलट विचारले, होम्स आणि हमा नावाच्या विलायती कधी होत्या? चारही शहरांच्या पश्चिमेला लेबनॉनचा किनारा येतो; पॅलेस्टाईन तर दमास्कसच्या नैर्ऋत्येला आहे. १९३९ मध्ये हा पत्रव्यवहार तपासला गेला, तेव्हा अरबांचा मुद्दा आजवर वाटत होता त्यापेक्षा वजनदार आहे, हे ब्रिटिश प्रतिनिधींनीच मान्य केले. पण तोवर चोवीस वर्षे गेली होती.

दुसरा कागद २ नोव्हेंबर १९१७ चा. परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांचे लॉर्ड रॉथ्सचाइल्ड यांना पत्र. मुख्य मजकूर इंग्रजीत अवघ्या ६७ शब्दांचा. त्यातला कळीचा शब्द ‘नॅशनल होम’. राज्य म्हटलेले नाही, वसाहत म्हटलेले नाही, घर म्हटले. कायद्याच्या भाषेत तोवर या शब्दाला ठरलेला अर्थच नव्हता. ज्यू नेत्यांनी त्यात उद्याचे राज्य पाहिले, आणि सरकार अरबांना सांगत राहिले की राज्य असे कुठे म्हटले आहे? त्या वेळी लोकसंख्येत नऊ-दशांशांच्या आसपास अरब होते. पत्रात त्यांचा उल्लेख ‘तेथील बिगर-ज्यू समाज’ असा आहे. त्यांच्या नागरी व धार्मिक हक्कांची हमी आहे, राजकीय हक्कांची नाही.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगायची. ब्रिटिश मंत्र्यांमध्ये या घोषणेला सर्वात कडवा विरोध केला तो एका ज्यूनेच. ते एडविन मॉन्टेग्यू. आपल्या पाठ्यपुस्तकातल्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांतले भारतमंत्री. वेगळे राष्ट्र दिले की आपापल्या देशात राहणारे ज्यू परके ठरतील, अशी त्यांची भीती होती. घोषणा झाली तेव्हा ते हिंदुस्थानच्या वाटेवर होते. ज्यू आणि झायोनिस्ट हे दोन शब्द एक नाहीत, हे कोकणातल्या माणसाला तरी वेगळे शिकवायला नको. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’, म्हणजे आपले बेने इस्रायल, शतकानुशतके आपल्या शेजारी मराठी बोलत राहिले.

१९२२ मध्ये राष्ट्रसंघाने मँडेट मंजूर केले आणि बाल्फोरचे वचन त्यात घातले. ज्यू पक्षाचा कायदेशीर दावा या कागदावर उभा आहे. अरब पक्ष त्याच राष्ट्रसंघाच्या सनदेतील २२ व्या कलमाकडे बोट दाखवतो: तुर्की अंमलातून सुटलेल्या समाजांची स्वतंत्र राष्ट्रे म्हणून तात्पुरती मान्यता आणि पालक सत्ता निवडताना तेथील लोकांच्या इच्छेला महत्त्व. एकाच संस्थेचे दोन कागद एकमेकांसमोर उभे राहिले. खाली जमिनीवर तिसरेच घडत होते. बैरुतमध्ये राहणाऱ्या सुरसुक घराण्याने मर्ज इब्न आमिर खोऱ्यातील जमिनी ज्यू संस्थांना विकल्या. व्यवहार कायदेशीर होता. पण पिढ्यान्‌पिढ्या कसणारी कुळे बेदखल झाली. खोत शहरात आणि कूळ बांधावर म्हणजे काय, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आणि विकणारे अरबच होते, हेही लपवू नका.

१९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अकरा सदस्यांच्या समितीने बहुमताने फाळणी सुचवली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी एकाच संघराज्याची योजना मांडली. भारताचे प्रतिनिधी होते सर अब्दुर रहमान. त्याच ऑगस्टमध्ये आपल्या देशाची फाळणी झाली होती! २९ नोव्हेंबरला ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणीचा ठराव झाला. दहा देश तटस्थ राहिले, भारताने विरोधात मत दिले. लोकसंख्येत एक-तृतीयांश असलेल्या ज्यूंना निम्म्याहून अधिक भूमी देऊ केली होती. आमसभेचा ठराव ही शिफारस असते, बंधन नव्हे, असे अरब म्हणाले. ज्यू म्हणाले, आम्ही स्वीकारला, तुम्ही नाकारून युद्ध पुकारले. १९४८-४९ च्या युद्धाअखेर इस्रायलकडे सुमारे ७८ टक्के भूमी होती आणि सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर. निर्वासितांना परतू द्यावे असे सांगणारा १९४ क्रमांकाचा ठराव डिसेंबर १९४८ चा. तो कागदावरच राहिला. पुढच्या काही वर्षांत अरब देशांतले ज्यूही उखडले गेले. एकट्या इराकमधून १९५०-५१ मध्ये लाखाहून अधिक निघाले. त्यांचे दुःखही याच हिशेबात धरले पाहिजे.

तिसरा शब्द सर्वात लहान. इंग्रजीतला ‘द’. जून १९६७ च्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक, गाझा, पूर्व जेरुसलेम, सिनाई आणि गोलान घेतले. २२ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेने ठराव २४२ एकमताने केला. त्याच्या इंग्रजी मसुद्यात ‘व्यापलेल्या प्रदेशांतून’ माघार घ्यावी असे आहे, ‘द’ नाही. इस्रायल म्हणते, तो मुद्दाम गाळला. म्हणजे सर्व प्रदेशांतून नव्हे. अरब म्हणतात, फ्रेंच मजकुरात हा संशय उरत नाही आणि युद्धाने भूमी मिळवता येत नाही असे ठरावाच्या प्रस्तावनेतच आहे. परिषदेत तेव्हा भारत होता. सर्व प्रदेशांतून माघार अशीच आमची समजूत आहे, असे त्याने मतदानापूर्वी नोंदवले. उर्दूत ‘द’ नाही, मराठीतही नाही. हा वाद आपल्या भाषेत मांडताच येत नाही. पण त्याच्या आडोशाने वस्त्या उभ्या राहिल्या. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२४ मध्ये मत दिले. दुसऱ्या वेळी तर व्याप्त प्रदेशातील इस्रायलचे अस्तित्वच बेकायदा ठरवले. मत सल्ल्याचे होते, अंमलबजावणी कोणाच्याच हाती नव्हती. दरम्यान ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि त्यानंतरच्या युद्धात गाझात, तेथील आरोग्य खात्याच्या नोंदीप्रमाणे, ६० हजारांहून अधिक. निरपराध मुलाच्या रक्ताला कोणताही कागद उत्तर देत नाही, मग ते मूल कोणाचेही असो.

हे सारे आम्ही फळ्यावर दोन रकान्यांत मांडले. आमचा कौल लपवला नाही: जो कसत होता, राहत होता, त्याला न विचारता लिहिलेला कागद न्यायाचा नव्हे, आणि आज नदी व समुद्र यांच्यामध्ये प्रत्येकी सुमारे ७० लाख ज्यू आणि अरब राहतात, त्यांतल्या कोणालाही न विचारता लिहिलेला उद्याचा कागदही न्यायाचा असणार नाही. मागच्या बाकावरच्या त्याच मुलाने विचारले, “सर, उस वक़्त वहाँ के लोगों से किसी ने पूछा ही नहीं?”

विचारले होते, एकदा. १९१९ मध्ये किंग आणि क्रेन हे दोन अमेरिकन गावोगावच्या लोकांचे म्हणणे ऐकत हिंडले. झायोनिस्ट योजनेला बिगर-ज्यू लोकांचा, म्हणजे सुमारे नऊ-दशांश लोकसंख्येचा, ठाम विरोध आहे असे त्यांनी लिहून दिले. त्यांचा अहवाल लोकांसमोर आला डिसेंबर १९२२ मध्ये. मँडेट त्याच वर्षी जुलैत मंजूर झाले होते.