गोजी बेरी
गोजी बेरी ही लायसियम बार्बरम व लायसियम चायनेन्स या काटेरी झुडपांची लाल-नारिंगी फळे होत. वांगी, टोमॅटो व मिरची यांच्याच सोलॅनेसी कुळात या झुडपांचा समावेश होतो. ‘गोजी’ हा शब्द ‘गोउछी’ या चिनी नावावरून आला. चीनमधील निंग्श्या प्रदेश या पिकासाठी विशेष प्रसिद्ध आहे.

आहार : वाळवलेली फळे मनुकांप्रमाणे नुसती खातात, तसेच भाताची पेज, सूप व शेवंतीच्या फुलांचा चहा यांत घालतात.

पारंपरिक उपयोग : ही फळे यकृत व मूत्रपिंडांचे पोषण करतात आणि दृष्टी सुधारतात, असे चिनी वैद्यक मानते. मुळांची साल अंगातील उष्णता कमी करण्यासाठी वापरतात.

गुणधर्म व दक्षता : फळांचा रंग मुख्यतः झियाझँथिन या रंगद्रव्यामुळे येतो. हे द्रव्य मानवी दृष्टिपटलातही आढळते. तथापि, ही फळे खाल्ल्याने एखादा रोग बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. रक्त गोठू न देणारे वॉरफरिन हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांत गोजीचा चहा किंवा रस घेतल्यानंतर औषधाचा परिणाम वाढून रक्तस्रावाचा धोका निर्माण झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. म्हणून अशा रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्याविना तिचे सेवन करू नये.