साडेचारशे मीटरची बचत



मागे एका वाडीत गटाची बैठक होती. हप्ते भरून झाले होते, चहा यायचा होता. बोलता बोलता समुद्राचा विषय निघाला. माशांना वाढू द्यायचे तर समुद्राचा काही भाग राखून ठेवावा लागतो, असे मी म्हटले मात्र, मासे विकणाऱ्या एक काकी उसळल्याच. "दर्यात आधीच काय गावना नाय, आणि तू म्हणतस तुकडो बंद करा. बंद केल्यार आमी खाऊचा काय?"

मला पटकन उत्तर देता आले नाही. पण हाच प्रश्न चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी एका लहानशा बेटावरच्या लोकांनी विचारला होता, आणि त्याचे उत्तर शोधायला त्यांना तीन वर्षे लागली होती. आज त्या बेटाचा इतिहास सांगते. मी तिथे गेलेली नाही, वाचूनच सांगते आहे. पण मनाने म्हणाल तर बऱ्याचदा जाऊन आले.

बेटाचे नाव आपो. देश फिलिपिन्स. तिथल्या नेग्रोस नावाच्या मोठ्या बेटावर दुमागेते हे शहर आहे. तिथून दक्षिणेला किनाऱ्याने गेले की मालातापाय नावाचे गाव लागते. दर बुधवारी तिथे आठवड्याचा बाजार भरतो, गुरे, डुकरे, मासळी, भाजी सगळे असते. त्याच किनाऱ्यावरून आपोला होड्या सुटतात. तिथल्या होडीला बांका म्हणतात. आपल्याकडे होडीला एका बाजूला उलांडी असते, तशी बांकाला दोन्ही बाजूंना बांबूची असते. अर्ध्या-पाऊण तासात बेट येते. ज्वालामुखीतून वर आलेले, डोंगराळ, जेमतेम पाऊण चौरस किलोमीटरचे. म्हणजे आपल्याकडची एखादी मोठी वाडीच. वस्ती हजाराच्या आतली. पिण्याचे पाणीसुद्धा नेग्रोसहून होडीने आणावे लागते. शेती नावापुरती. जगायचे ते समुद्रावर.

आणि समुद्र कसा? सुमारे साडेसहाशे जातींचे मासे, चारशेच्या आसपास जातींचे प्रवाळ. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात मोठाली हिरवी कासवे गवत चरताना दिसतात, गुरे चरावीत तशी निवांत. हे बघायला जगभरातून लोक येतात. पण 1970 च्या दशकात कोणी आपोला गेले असते, तर त्याला हे असे दिसले नसते.

दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्सच्या बेटांवर जपानी आणि अमेरिकी फौजा लढल्या. युद्ध संपल्यावर उरलासुरला दारूगोळा लोकांच्या हाती आला आणि मासे मारायला सुरुंग वापरायची चाल बोकाळली. सुरुंग पाण्यात फुटला की माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुटते. काही मासे वर तरंगतात, बरेचसे तळाला जातात, ते हाताला लागतच नाहीत. खालचे प्रवाळ भुगा होते, आणि ते पुन्हा वाढायला वर्षानुवर्षे लागतात. दुसरी रीत मुरो-आमी. ही जपानी कोळ्यांकडून आलेली. पोरे रांगेने पोहत जायची, हातात दोरी, दोरीला दगड. दगड प्रवाळावर आपटत आपटत मासे हुसकायचे आणि पुढे लावलेल्या जाळ्यात घालायचे. तिसरे सायनाइड. काचेच्या टाकीत ठेवायचे रंगीत मासे जिवंत धरायला ते पाण्यात सोडत, मासा गुंगतो आणि हाती येतो, आजूबाजूचे बाकी सगळे मरते.

हे करणारे काही दुष्ट नव्हते बरं का. पोरांना खायला घालायचे होते. शेजारचा सुरुंग लावतो, बाहेरगावचा येऊन लावतो, मग मीच का मागे राहू, असा तो हिशोब. या हिशोबाने बेटाभोवतीची मासळी आटली. आपोचे कोळी रोज दहा-दहा किलोमीटर वल्हवत लांब जाऊ लागले आणि थोडके घेऊन परत येऊ लागले.

1979 साली दुमागेतेच्या सिलिमन विद्यापीठातले लोक बेटावर यायला लागले. त्यांचे प्रमुख होते डॉ. एंजल अल्काला, समुद्री जीवशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी पाच वर्षे आधी, 1974 मध्ये, जवळच्या सुमिलोन नावाच्या बेटाभोवती मासेमारीबंद पट्टा करून पाहिला होता. सुमिलोनवर वस्ती नव्हती, त्यामुळे ते तसे सोपे होते. आपोवर माणसे राहत होती. त्यांना समुद्राचा भाग बंद करा म्हणणे म्हणजे ताटातला घास मागणे. लोकांनी ऐकून घेतले आणि मान हलवली नाही.

मग अल्कालांच्या मंडळींनी एक गोष्ट केली, ती मला फार आवडते. भाषणे देत बसण्यापेक्षा त्यांनी आपोच्या काही कोळ्यांना सुमिलोनला नेले. एका लहान बेटावरच्या माणसांनी दुसऱ्या लहान बेटाला दिलेली ती भेट. पाण्यात उतरा आणि बघा. जन्मभर समुद्रात काढलेली ती माणसे. मासा किती, केवढा, कुठल्या जातीचा, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. आपल्या बेटाजवळ कधीच दिसेनासे झालेले मोठे मासे त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिले. आपल्या गटांच्या कामातही हेच बघते मी. दहा बैठकांत जे पटत नाही, ते दुसऱ्या गावच्या गटाचा एक फेरा मारून आले की पटते.

तरी सगळे लगेच तयार झाले नाहीत. 1982 साली चौदा कुटुंबांनी ठरवले. बेटाच्या आग्नेय बाजूचा साडेचारशे मीटर लांबीचा किनारा आणि त्याच्या समोरचे पाणी, एवढ्यात कोणी मासा धरायचा नाही. बाकीचा समुद्र खुला. लक्षात घ्या, बेटाभोवतीच्या प्रवाळातला तो लहानसाच भाग होता. पहाऱ्याला बोट नको, पगारी माणूस नको. किनाऱ्यावर एक जण बसला की सगळा पट्टा नजरेत येई. कुटुंबे पाळीपाळीने बसत.

तीन वर्षांत त्या पट्ट्यात मासे दिसू लागले, मोठे दिसू लागले, आणि मुख्य म्हणजे पट्ट्याच्या कडेला गळाला लागू लागले. 1985 मध्ये अख्खे बेट या बाजूने झाले. दाउइन नगरपालिकेने रीतसर नियम केला. बंद पट्टा तर राहिलाच, शिवाय बेटाभोवतीच्या साऱ्या पाण्यात सुरुंग, विष, मुरो-आमी बंद, आणि बाहेरच्यांनाही मासेमारी बंद. पहारा देणाऱ्यांना तिकडे 'बांताय दागात' म्हणतात, म्हणजे समुद्राचे राखणदार.

आता हे घडते कसे? लहान मासा जाळ्यात गेला तर तो एकदाही अंडी न घालता जातो. मोठी मादी लहान मादीच्या कितीतरी पट अंडी घालते. बंद पट्ट्यात अशा मोठ्या माद्या राहतात, त्यांची अंडी-पिल्ले प्रवाहाबरोबर बाहेर जातात, आणि दाटी झाली की मोठे मासेही बाहेर सरकतात. आपल्या भाषेत, मुद्दल आत, व्याज बाहेर. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत आपोच्या कोळ्याला तासाभरात मिळणारी मासळी पूर्वीच्या सुमारे तिप्पट झाली होती. एकूण मासळी तिप्पट झाली असे मात्र समजू नका. फरक पडला तो कष्टात. दहा किलोमीटर वल्हवत जाणारा माणूस घरासमोर दोन-तीन तासांत पोटापुरते मिळवून परत येऊ लागला. ज्या घरात नवरा समुद्रावर जातो, त्या घरातल्या बाईला हा फरक किती मोठा ते मी सांगायला नको.

आणि मुद्दल मोडले तर काय होते, तेही त्याच काळात दिसले. ज्या सुमिलोनला आपोची माणसे बघायला गेली होती, तिथे 1984 मध्ये राजकारण फिरले आणि बंदी मोडली. दहा वर्षे राखलेला पट्टा सगळ्यांना खुला झाला. आता तर मासेमारीला जास्त जागा झाली, म्हणजे मासळी वाढायला हवी ना? दीड वर्षात ती निम्म्यावर आली.

आपोचे नाव झाले. पाण्याखाली पोहणारे पर्यटक आले. त्यांच्याकडून फी घेतली जाऊ लागली. दोन छोटी हॉटेले झाली, बायका किनाऱ्यावर रंगीत सारोंग आणि टी-शर्ट विकू लागल्या, मुलांना पुढच्या शिक्षणाला दुमागेतेला पाठवता येऊ लागले. अल्कालांना 1992 चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ते देशाचे पर्यावरणमंत्री झाले.

इथे एक वळण आहे, आणि मला ते टोचते. 1992 मध्येच फिलिपिन्समध्ये संरक्षित क्षेत्रांचा राष्ट्रीय कायदा झाला. 1994 मध्ये, अल्काला मंत्री असतानाच, आपो त्या कायद्याखाली आले. हेतू चांगलाच होता, मोठ्या कायद्याचे संरक्षण मिळावे हा. पण कारभार गावाच्या समितीकडून एका मंडळाकडे गेला, ज्यात सरकारी अधिकारी आणि बाहेरचे लोकही होते. पर्यटकांची फी आधी सरकारी तिजोरीत जायची आणि तिच्यातला पंचाहत्तर टक्के वाटा मंजुऱ्या होऊन परत यायचा. तो वेळेवर येईना. ज्यांनी पाळीपाळीने उन्हात बसून पट्टा राखला, त्यांना आपल्याच पैशाची वाट बघावी लागली. आम्हाला कोणी विचारत नाही, ही कुरकूर तिथल्या कोळ्यांमध्ये सुरू झाली. गटाचे पासबुक दुसऱ्याच्या कपाटात गेले की काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे.

आपल्याकडे मालवणला 1987 साली सागरी अभयारण्य जाहीर झाले, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीचे पाणी त्यात धरून. त्याला मच्छीमारांचा विरोध झाला. दर्या राखायला आपल्या लोकांचा विरोध होता असे मला वाटत नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत जाळे पाण्यात न टाकणे ही आपल्या वाडवडिलांची रीतच होती, ती कोणा सरकारने शिकवली नव्हती. पर्ससीन आणि एलईडीच्या दिव्यांविरुद्ध सर्वांत जास्त ओरडतो तो लहान मच्छीमारच. आपोला आधी लोकांनी ठरवले आणि नंतर कागद झाला. आपल्याकडे आधी कागद झाला.

आपोच्या मुद्दलालाही धक्का बसलाच. डिसेंबर 2011 मध्ये एक वादळ आले, 2012 च्या डिसेंबरात दुसरे. त्यांचा सगळा मारा आग्नेय बाजूला, म्हणजे नेमका राखलेल्या पट्ट्यावर. तीस वर्षे जपलेले प्रवाळ मोडून पडले. मग तो पट्टा पर्यटकांनाही बंद केला. मासा तर धरायचा नाहीच, बघायलाही जायचे नाही. बेटाच्या दुसऱ्या बाजूची कासवे मात्र चरत राहिली, आणि पर्यटक तिकडे येत राहिले.

परवा त्या काकी बाजारात भेटल्या. गोबऱ्याचा वाटा लावून बसल्या होत्या, मासे टीचभर. हे सगळे त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, मधे दोन गिऱ्हाइके केली. मग विचारले, "ता पहाऱ्याक कोण बसायचा?"

म्हटले, "पाळी घराची असायची, काकी. एकेका घराची."

"मगे बायलांचीच," त्या म्हणाल्या आणि माशांवर पाणी मारायला लागल्या.